ठोकळा कधी सुटतो? घरच्या घरी घर्षण मोजायचा आणि कमी करायचा प्रयोग

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. मी पाचवीत असताना एकदा त्यांचा डबा द्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझ्या हातात दोन स्लिप गेज ठेवले. स्लिप गेज म्हणजे मापं तपासायचे पोलादी तुकडे, आरशासारखे सपाट घासलेले. ‘एकावर एक ठेव, जरा दाबून फिरव आणि उचल,’ म्हणाले. मला वाटलं, इतके गुळगुळीत तुकडे लोण्यासारखे घसरून पडतील. ते एकमेकांना चिकटले. वरचा उचलला तर खालचाही सोबत आला. आत ना डिंक, ना चुंबक.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. ‘खरबरीत म्हणजे घर्षण जास्त, गुळगुळीत म्हणजे कमी’ हे शाळेत पाठ केलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. घर्षण कमी करायचं तर पृष्ठभाग नुसते चकचकीत करून भागत नाही. दोघांना एकमेकांपासून लांब ठेवावं लागतं. मध्ये पावडर घाला, तेल घाला, छर्रे घाला, नाहीतर हवा भरा. दोन पृष्ठभागांची थेट गाठ पडू द्यायची नाही, इतकंच.

दर मे महिन्यात आमच्या बोळातली मुलं गोळा करून मी हे घरी करून दाखवते. पाचवीच्या पुढचं कोणतंही मूल मोठ्या माणसाच्या सोबतीनं हा प्रयोग करू शकतं. आधी कधीच प्रयोग केला नसेल तरी चालेल. हाताशी एक अख्खी दुपार ठेवा. घाईत केलेल्या मोजमापावर पुढे आपलाच विश्वास बसत नाही.

सामान

मुख्य वस्तू लाकडी ठोकळा. सुताराकडून ६ इंच लांब, ४ इंच रुंद आणि २ इंच जाड असा कापून घ्या. सगळ्या बाजूंना सारखाच रंधा मारायला सांगा. ६ बाय ४ च्या एका बाजूवर सनमायकाचा तुकडा चिकटवून घ्या, बाकीच्या बाजू उघड्या लाकडाच्या राहू द्यात. सनमायका कशाला, ते तेलाच्या वेळी कळेल. ४ बाय २ च्या एका टोकाला मधोमध एक छोटा स्क्रूचा हूक बसवून घ्या. सागाचा असेल तर असा ठोकळा साधारण अर्ध्या किलोचा भरतो. तुमचा नेमका किती भरतो ते किराणा दुकानातल्या काट्यावर बघून त्याच्यावरच पेन्सिलनं लिहून ठेवा.

ठोकळा सरकवायला एक मोठी चकचकीत टाइल लागेल. बांधकामावर उरलेली मिळते. कॅरम बोर्ड वापरायचा मोह होईल, पण पुढे आपण तेल आणि साबण वापरणार आहोत. तेवढ्यासाठी चांगला बोर्ड खराब करू नका.

याशिवाय: अर्धा किलो साखरेचं न फोडलेलं पाकीट, तंगूस (मासे धरायच्या गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा), १ लिटरची प्लास्टिकची बाटली वरून कापून, औषधाच्या दुकानातून सुई नसलेली १० मिलीची सिरिंज, दोऱ्याचं रिकामं रीळ, काही गोल पेन्सिली, कॅरमची पावडर, एरंडेल, भांड्याचा साबण आणि दोन-तीन भेंड्या. सायकलच्या दुकानातून एकाच मापाचे पंधरा-वीस छर्रे आणा. गोट्या चालतात, पण सगळ्या सारख्या मापाच्या सहसा मिळत नाहीत. मग ठोकळा मोठ्या तीन गोट्यांवरच टेकतो आणि बाकीच्या नुसत्या बघत बसतात.

मांडणी

टाइल टेबलावर ठेवा, एक कड टेबलाच्या कडेशी जुळवून. टाइल समपातळीत आहे का ते एका छर्र्यानं तपासा. मधोमध ठेवलेला छर्रा जागेवर थांबला पाहिजे. कलंडत असेल तर त्या कोपऱ्याखाली कागदाच्या घड्या घाला. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण एवढासा उतारसुद्धा पुढचे सगळे आकडे बिघडवतो.

आता कप्पी. रीळ पेन्सिलीत ओवा. पेन्सिलीची दोन टोकं दोन जाड पुस्तकांखाली दाबून रीळ टेबलाच्या कडेबाहेर येईल असं बसवा. ते बोटानं फिरवून बघा. अडखळत असेल तर शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब सोडा. दोरा थेट टेबलाच्या कडेवरून सोडला तर काय होईल? कडेवर दोऱ्याचं स्वतःचं घर्षण होईल आणि आपण मोजायला निघालोय ठोकळ्याचं, मोजू मात्र दोन्हींची बेरीज.

तंगूसाचं एक टोक हूकला बांधा, रिळावरून खाली सोडा आणि दुसऱ्या टोकाला कापलेली बाटली बादलीसारखी टांगा. हूकपासून रिळापर्यंतचा दोरा टाइलला अगदी समांतर हवा. तो वर चढत गेला तर ठोकळा किंचित उचलला जातो आणि घर्षण खोटं कमी दिसतं. खाली उतरत असेल तर उलटं होतं. उंची जुळवायला पेन्सिलीच्या टोकांखाली वह्या वाढवा किंवा काढा.

बाटली जमिनीपासून चार बोटं वर राहील इतकाच दोरा लांब ठेवा आणि खाली टबात जुना टॉवेल घाला. ठोकळा सुटला की बाटली धप्पकन खाली येते. पाणी सांडलं तर फरशी लगेच पुसा. घरात आजी-आजोबा असतील तर हे काम कोणावरही ढकलू नका.

मोजायचं कसं

बाटलीत सिरिंजनं पाणी घालत जायचं. १ मिली पाण्याचं वजन १ ग्रॅम, म्हणून सिरिंज हाच आपला तराजू. आमच्याकडे एका मुलानं नाणी टाकूया म्हणून सुचवलं होतं. पण हल्ली एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या वजनांची चलनात आहेत, त्यामुळे पाणीच बरं.

सुरुवातीला १०-१० मिली भराभर घाला. ठोकळा कुरकुरायला लागला, किंवा मागच्या वेळच्या आकड्याजवळ आलात, की थेंब-थेंब. पाणी बाटलीच्या भिंतीवरून सोडा, उंचावरून ओतू नका, कारण धक्क्यानं ठोकळा वेळेआधी सुटतो. पंखा बंद. टेबलाला कोणी टेकायचं नाही. मुलांना सांगते, ‘आता पाच मिनिटं देवळात उभं राहिल्यासारखं.’

ज्या क्षणी ठोकळा सुटला, त्या क्षणीचं पाणी आणि रिकामी बाटली यांचं मिळून वजन लिहा. त्याला ठोकळ्याच्या वजनानं भागा. समजा ठोकळा आणि साखर मिळून १००० ग्रॅम आहेत आणि ३२० ग्रॅमला ठोकळा सुटला. उत्तर ०.३२. याला घर्षणांक म्हणतात. त्याला ग्रॅम, किलो असं कोणतंही एकक नाही, नुसता भागाकार आहे. कोरडं लाकूड आणि टाइल यांचा आकडा दोन दशमांश ते पाच दशमांशच्या आसपास यावा. तुमचा थोडा इकडेतिकडे आला तर घाबरू नका, पण १ च्या वर आला तर दोरा कुठेतरी अडकतोय हे नक्की.

प्रत्येक माप पाच वेळा घ्या. दरवेळी ठोकळा त्याच जागी ठेवा आणि ठेवल्यावर मनात दहा अंक मोजून मगच पाणी घालायला लागा. दहाच का? कारण दोन पृष्ठभाग जितका वेळ एकमेकांवर दबून राहतात तितकी त्यांची पकड थोडी वाढते. एकदा लगेच मोजलं आणि एकदा चहा पिऊन आल्यावर मोजलं, तर दोन्हींची तुलना होत नाही. पाच आकडे चढत्या क्रमानं लिहून मधला घ्या.

आणि एक नियम, ज्यावर मी मुलांशी कडक वागते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वजनही वाढवलं आणि पावडरही टाकली, तर आकडा कशामुळे बदलला हे कोणीच सांगू शकत नाही.

पहिली फेरी: काहीही न लावता

टाइल आणि ठोकळा कोरड्या सुती फडक्यानं पुसा आणि नंतर घासणाऱ्या बाजूला बोट लावू नका. हाताचं तेल पुरेसं असतं गोंधळ घालायला.

लाकडाची रुंद बाजू खाली ठेवून नुसत्या ठोकळ्याचं माप घ्या. मग साखरेचं पाकीट वर बांधून पुन्हा घ्या. वजन जवळपास दुप्पट झालं, तर लागणारं पाणीही जवळपास दुप्पट होईल. भागाकार मात्र तितकाच राहील. मुलं इथे पहिल्यांदा सावरून बसतात, कारण दोन वेगळ्या मापांतून एकच आकडा निघतो.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. ठोकळा साखरेसकट अरुंद बाजूवर, म्हणजे ६ बाय २ वर, उभा करा. कप्पीखाली वही सरकवून दोऱ्याची उंची पुन्हा जुळवा. मग पाणी घालण्याआधी सगळ्यांकडून अंदाज लिहून घ्या. टेकणारा भाग निम्मा झालाय. मग पाणी निम्मं लागेल का? आमच्या बोळातली मुलं दरवर्षी छातीठोकपणे सांगतात, ‘काकी, निम्मंच लागणार की ओ!’ आणि दरवर्षी पाणी जवळपास तेवढंच लागतं.

असं का? आपल्याला सपाट दिसणारं लाकूड आणि टाइल बारीक पातळीवर डोंगर-दऱ्यांसारखे असतात. जोतिबाचा डोंगर उलटा करून पन्हाळ्यावर ठेवला, तर नुसती शिखरं शिखरांना टेकतील. ठोकळाही तसाच फक्त टोकांवर उभा असतो. खरा स्पर्श एकूण क्षेत्रफळाचा अगदी लहानसा हिस्सा असतो. आता ठोकळा अरुंद बाजूवर उभा केला की टेकणारी टोकं कमी होतात, पण तेच वजन त्यांच्यावर पडतं, ती जास्त दबतात आणि पसरतात. खऱ्या स्पर्शाची बेरीज होती तितकीच राहते. वजन दुप्पट केलं तर मात्र खरा स्पर्श दुप्पट होतो. दोन्ही निकाल या एकाच कारणातून निघाले.

फ्रान्सच्या गिओम आमाँतों यांनी १६९९ मध्ये हे दोन्ही नियम मांडले: घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. त्याच्या जवळपास दोनशे वर्षं आधी लिओनार्दो दा विंची यांनी ठोकळे ओढून हेच आपल्या वह्यांत टिपून ठेवलं होतं, पण त्या वह्या तेव्हा कोणाच्या वाचनात आल्या नाहीत. पुढे कूलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८५ मध्ये हे काम आणखी पुढे नेलं. तुमच्या मुलीनं टेबलावर केलं ते त्यांच्यापेक्षा फार वेगळं नाही.

स्लिप गेज का चिकटले, तेही इथे उलगडतं. त्यांची शिखरं इतकी घासून काढलेली असतात की दोन्हींमध्ये अंतर जवळपास उरतच नाही. कणांमधली ओढ आणि मधला तेला-पाण्याचा अगदी पातळ थर मिळून ते धरून ठेवतात.

दुसरी फेरी: कोरडं वंगण

आता ठोकळा उलटा करा. सनमायकाची बाजू खाली, साखर वर. आधी कोरडं माप घ्या. यापुढच्या सगळ्या तुलना याच आकड्याशी.

मग टाइलवर कॅरमची पावडर चिमूटभर भुरभुरा आणि हातानं एकसारखी पसरा. ही पावडर बहुतेक वेळा बोरिक ॲसिडची असते. तिचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थरावर थर असे रचलेले असतात आणि थर एकमेकांवरून सहज सरकतात. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि अंगाला लावायची टाल्कम पावडर याच जातीची. बोरिक ॲसिड पोटात जाऊ द्यायचं नाही. लहान भावंडं लांब, डोळ्यांना हात नाही आणि प्रयोग झाल्यावर हात साबणानं स्वच्छ.

पाणी कमी लागेल. किती कमी, ते पावडर किती आहे त्यावर ठरतं, म्हणून तीन वेळा मोजा: अगदी पातळ थर, मध्यम आणि भरपूर. जास्त पावडर म्हणजे जास्त घसरण, असं सरळ होत नाही. ढीग झाला की ठोकळा पावडर पुढे ढकलत नांगरासारखा चालतो. कॅरमवर नवशिक्या मुलानं मूठभर पावडर ओतली की स्ट्रायकर अडखळतो, तोच हा प्रकार.

तिसरी फेरी: ओलं वंगण

टाइल आणि सनमायका धुऊन वाळवा. क्रम असा ठेवा: पाणी, साबणाचं पाणी, भेंडीचं पाणी आणि सगळ्यात शेवटी एरंडेल. तेल आधी लावलं तर ते पुसून काढण्यात संध्याकाळ जाते. लाकडाची बाजू इथे वापरू नका. लाकूड तेल पिऊन घेतं आणि मग तो ठोकळा पुन्हा कोरड्या मापासाठी उपयोगाचा राहत नाही. सनमायका चिकटवली ती यासाठी.

साध्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकून मोजा. कधी आकडा कमी येतो, कधी कोरड्यापेक्षाही जास्त. मुलांना हे चूक वाटतं. चूक नाही. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा अडकला की तो दोघांना एकमेकांकडे ओढतो. ओल्या काचेवर ओला पेला चिकटतो तसंच. म्हणजे मध्ये नुसतं काहीतरी असून उपयोग नाही, त्यानं भार पेलला पाहिजे.

साबणाच्या पाण्यात फरक स्पष्ट दिसतो. बाथरूममध्ये घसरून पडणं कशामुळे होतं, हे त्या दिवशी प्रत्येक मुलाला आकड्यासकट समजतं.

भेंडीचं पाणी ही आमची कोल्हापूरची भर. आपल्याकडच्या गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना मळी वर आणायला रानभेंडीचा चिकट रस घालतात. मुलांनी तो कढईजवळ उभं राहून बघितलेला असतो. दोन भेंड्या चिरून आदल्या रात्रीच वाटीभर पाण्यात ठेवा, सकाळी गाळून घ्या. बोटांना ते पाणी चिकट लागतं आणि त्याच वेळी बुळबुळीतही. मग ठोकळ्याला ते धरेल की सोडेल? अंदाज आधी लिहा, मग मोजा. मी उत्तर सांगत नाही, कारण भेंडी किती जून आहे आणि पाणी किती दाट झालंय यावर आकडा बदलतो. नेमका किती बदलतो, हे शोधणं हाच चौकस मुलासाठी पुढचा स्वतंत्र प्रयोग आहे.

एरंडेल लावल्यावर आपली मोजायची पद्धतच कोलमडते आणि ती का कोलमडते हे समजून घेण्यासारखं आहे. आतापर्यंत ठोकळा थांबलेला असायचा आणि एका क्षणी सुटायचा. तेलावर तो सुटत नाही, सरपटतो. थोडंसं पाणी घातलं की गोगलगायीच्या चालीनं निघतो, आणखी घातलं की जरा वेगानं. कारण आता सनमायका टाइलला टेकलेलीच नाही. ती तेलावर तरंगतेय आणि सरकतायत ते तेलाचे थर. तेल दाट असेल तर चाल हळू, पातळ असेल तर जलद. म्हणून इथे पद्धत बदला. बाटलीत ठरावीक पाणी ठेवा, बाटलीला फूटभर खाली यायला जागा राहील इतका दोरा आखूड करा आणि ठोकळ्याला १ फूट जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. एरंडेलानंतर गोडेतेल वापरून पाहा. एका वर्षी एका मुलीनं हिवाळ्यातल्या सकाळी आणि दुपारी मोजून दोन वेगळे आकडे आणले होते. तेल तापलं की पातळ होतं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना तुमच्या आजोबांनी हेच केलंय. हंगामात ऊस भरून कारखान्याकडे निघालेल्या गाड्या आजही दिसतात. पूर्वी गाडीला वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. आखाला दाटच वंगण का, गोडेतेल का नाही? एवढ्या ओझ्याखाली पातळ तेल बाजूला निसटून जातं आणि मग चाक पुन्हा थेट आखावर घासतं. हलक्या शिलाई मशिनला पातळ तेल, जड गाडीला दाट वंगण. मुलांना हा प्रश्न विचारून थोडं थांबा, बहुतेकांना उत्तर सापडतं.

चौथी फेरी: घासू नका, लोळा

टाइल स्वच्छ धुऊन वाळवा. आधी एकच गोल पेन्सिल ठोकळ्याखाली आडवी ठेवून, हातानं ठोकळा नीट पेलून, सावकाश २० सेंटीमीटर पुढे ढकला. पेन्सिल किती पुढे गेली ते मोजा. १० सेंटीमीटर. लोळणारी वस्तू ओझ्याच्या निम्म्या वेगानं चालते, म्हणून ती मागे पडत जाते. लाकडी ओंडक्यांवरून मोठा दगड ओढताना माणसांना मागचे ओंडके उचलून सारखे पुढे आणून ठेवावे लागतात ते यामुळे. सहा कोनी पेन्सिली वापरू नका, त्या नीट लोळत नाहीत.

आता छर्रे. पंधरा छर्रे टाइलवर पसरून त्यावर साखरेसकट ठोकळा ठेवा. मोठी बाटली टांगूच नका. रिकाम्या बाटलीच्या वजनानंच ठोकळा सुसाट निघतो आणि माप हातात येत नाही. दोऱ्याला पाण्याच्या बाटलीचं साधं टोपण टांगा आणि त्यात थेंब टाका. मघाशी शेकडो ग्रॅम लागत होते, आता काम थेंबांवर आलं. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मुलानं इथे हात थांबवून एकदा वर बघितलंय.

घासताना शिखरं शिखरांत अडकून तुटतात. लोळताना छर्रा फक्त टेकतो आणि उचलला जातो. खालचा पृष्ठभाग किंचित दबतो आणि परत वर येतो, तेवढाच काय तो खर्च. छर्रे मागे पडतात ही अडचण उरते. ती कशी सोडवली ते बघायचं असेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एक जुनं बेअरिंग मागून आणा. दोन कड्यांच्या मध्ये छर्रे गोल फिरत राहतात, मागे पडले तरी पडून पडून पुन्हा तिथेच येतात. उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीमधल्या मशिनींच्या पोटात असली बेअरिंगं दिवसभर फिरत असतात.

वेळ उरला तर हवेचंही करून बघा. जुन्या सीडीच्या भोकावर बाटलीचं वर ओढून उघडणारं टोपण घट्ट चिकटवा, त्याला फुगवलेला फुगा लावा आणि टोपण उघडा. फुग्यातली हवा सीडीखाली पसरते आणि फुगा रिकामा होईपर्यंत सीडी टाइलवरून बोटाच्या नुसत्या टिचकीनं जाते. टोपण नीट चिकटलं नसेल तर हवा बाजूनं निघून जाते, इतकीच काळजी.

वहीत काय लिहायचं

तारीख, हवा कोरडी होती की पावसाळी, ठोकळ्याचं वजन, पाचही आकडे (मधलाच नव्हे, सगळे) आणि शेजारी आधी लिहिलेला अंदाज. अंदाज चुकला तर तो खोडू नका. शाळेच्या प्रदर्शनात मांडणार असाल तर तक्त्यापेक्षा टाइल आणि सिरिंजच टेबलावर ठेवा आणि बघायला येणाऱ्याच्या हातात सिरिंज द्या. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की पावडर गोळे धरते, त्यामुळे जून ते सप्टेंबर पावडरची फेरी टाळलेली बरी.

घरात कुठे वापरायचं, कुठे नाही

मोजून झालं की मुलांना घरातली एक अडणारी वस्तू शोधायला लावा. सरकत्या खिडकीचं चॅनल आधी ब्रशनं झाडून मग त्यावर मेणबत्ती घासा. तिथे तेल नको, तेलावर धूळ बसून चिखल होतो. अडखळणाऱ्या कुलपाच्या किल्लीवर मऊ पेन्सिल घासून ती आतबाहेर करा. झोपाळ्याच्या कड्यांना मात्र ग्रीसच हवं, कारण तिथे अख्ख्या माणसाचा भार येतो.

काही ठिकाणी घर्षण वाढवावं लागतं. तालमीत पैलवान समोरच्याच्या घामेजल्या अंगावर लाल माती टाकतो ती पकड बसावी म्हणून. शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानात कुस्ती बघायला मुलांना नेलंत, तर हात मातीकडे कधी जातो ते नीट बघायला सांगा. घाम म्हणजे मघाशी ठोकळ्याखाली घातलेलं पाणी, आणि पैलवान ते मातीनं शोषून घेतोय.

सायकलला तेल घालणार असाल तर चेन, पॅडलचा आख आणि चाकांचे आख एवढ्याच ठिकाणी घाला. ब्रेकचे रबर जिथे घासतात त्या रिमला तेलाचा हात लागू देऊ नका. लागलाच तर रिम आणि रबर साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडे करा, आधी बोळातच हळू चालवून दोन्ही ब्रेक दाबून बघा आणि मगच सायकल रस्त्यावर काढा.